नोंद नसलेला चेक बँकेने वटवलाच कसा?

सांगलीचे एक हळद व्यापारी लिहितात: "ट्रकवाल्याला भाड्यापोटी 86,000 रुपयांचा क्रॉस केलेला चेक दिला. वाटेत कुणीतरी त्यावरची शाई धुतली, नाव बदलले, रकमेच्या आधी 8 चा आकडा आणि 'आठ लाख' हे शब्द घातले. 8,86,000 रुपये भलत्याच माणसाच्या खात्यात गेले. सही माझीच आहे. बँकेने लेखी कळवले की तुम्ही पॉझिटिव्ह पे केले नव्हते (म्हणजे दिलेल्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवला नव्हता), म्हणून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तुमचा दावा ग्राह्य नाही. आता काय करू?"

धुतलेल्या चेकची पत्रे मला नेहमी येतात. पण तुमच्या पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ आहे आणि सगळे प्रकरण तिच्यावर उभे आहे. बँकेचा जुना मेसेज तुम्ही उतरवून दिला आहे: "5 लाख व त्यावरील चेकसाठी पॉझिटिव्ह पे बंधनकारक. नोंद नसल्यास चेक परत केला जाईल."

हा मेसेज पुन्हा वाचा. तुमचा मूळ चेक 86,000 चा होता, त्यामुळे बँकेच्या सक्तीत तो बसत नव्हता. बँकेसमोर आलेला चेक मात्र 8,86,000 चा होता. त्या रकमेच्या चेकची चेक क्रमांक, तारीख, नाव, रक्कम अशी कुठलीच नोंद बँकेकडे नव्हती. म्हणजे बँकेच्या स्वतःच्या नियमाप्रमाणे तो परत जायला हवा होता. तो वटला कसा, याचे उत्तर बँकेने द्यायचे आहे, तुम्ही नाही.

हे महत्त्वाचे का, ते सांगतो. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या कलम 89 मध्ये बँकेला संरक्षण आहे. चेकमधला बदल वरवर पाहता दिसत नसेल आणि पैसे रीतसर दिले असतील, तर बँक सुटते. पण 'रीतसर' म्हणजे काय हे कलम 10 सांगते: सद्भावनेने आणि निष्काळजीपणा न करता. स्वतः बंधनकारक केलेली तपासणी स्वतःच सोडून देणाऱ्या बँकेला निष्काळजीपणा नव्हता असे म्हणणे फार जड जाईल. म्हणून त्या मेसेजमधले क्रियापद नीट तपासा. 'परत केला जाईल' असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. 'परत केला जाऊ शकतो' असेल तर बँकेचा वकील त्या 'शकतो' वरच लढेल आणि मग मी इतक्या खात्रीने बोलणार नाही. चेक वटला त्या तारखेला हा नियम लागू होता, हेही दाखवावे लागेल. मेसेजचा स्क्रीनशॉट, बँकेच्या वेबसाइटवरचे ते पान, शाखेतल्या सूचनेचा फोटो, जे मिळेल ते आजच जपून ठेवा.

आता बँकेने पुढे केलेल्या नियमाबद्दल. 25 सप्टेंबर 2020 च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ही व्यवस्था आणली आणि 1 जानेवारी 2021 पासून ती सुरू झाली. 50,000 आणि त्यावरच्या चेकसाठी ही सोय द्यायची, ती वापरायची की नाही हे खातेदाराने ठरवायचे, आणि 5 लाखांपासून पुढे बँक ती सक्तीची करू शकते. या व्यवस्थेप्रमाणे नोंदलेले चेकच सीटीएस ग्रिडच्या (चेकचे चित्र पाठवून बँका आपसात चेक वटवतात त्या यंत्रणेच्या) तंटा निवारणात घेतले जातील, असे वाक्य त्यात आहे. मॅनेजरांनी तेवढेच उचलले. माझ्या मते ते वाक्य क्लिअरिंगमधल्या तंट्यापुरते आहे. तुमच्या बँकेने तुमच्या खात्यातले पैसे कुणाला दिले याचा जाब विचारण्याचा तुमचा हक्क त्याने जात नाही. यावर दुमत होऊ शकते, म्हणून या एकट्या मुद्द्यावर भिस्त ठेवू नका.

बँक आणखी एक गोष्ट म्हणेल. 4 ऑक्टोबर 2025 पासून चेक दिवसभर क्लिअर होतात, आणि पैसे देणाऱ्या बँकेने संध्याकाळी 7 पर्यंत होय-नाही कळवले नाही तर तो मंजूर धरला जातो. तुमचा चेक असाच सुटला असेल, तर ते मौन बँकेचे आहे. तुमच्या माथी ते मारता येणार नाही.

आता तुमच्याबद्दल, आणि हे मी रागाने लिहितो आहे. रकमेच्या आधी बोटभर जागा मोकळी सोडलीत. चेक सहज धुता येणाऱ्या शाईने लिहिलात. 86,000 ची नोंद मोबाइलवरून एका मिनिटात झाली असती, आणि रक्कम जुळत नाही म्हणून हा चेक तिथेच अडला असता. सर्वांत वाईट म्हणजे पैसे गेल्याचा मेसेज आला आणि दिवाणजींनी तो 11 दिवसांनी पाहिला. पेढीवर रोज लाखांची उलाढाल आणि बँकेचा मेसेज बघायला कुणाला वेळ नाही! 1987 मध्ये कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की पासबुक न तपासल्यामुळे खातेदाराचा दावा बुडत नाही. पण तिथे सही खोटी होती. तुमची सही खरी आहे, त्यामुळे तुमच्या हलगर्जीपणाचे बँक पुरेपूर भांडवल करील. न्यायालय त्यापोटी किती रक्कम कापेल, हे आज सांगता येत नाही.

ते 11 दिवस गेले. आता एकही घालवू नका. सीटीएसमध्ये तुमच्या बँकेने फक्त चेकचे चित्र पाहिले. मूळ कागद तो जिथे भरला गेला त्या बँकेत आहे, आणि शाई धुतल्याच्या खुणा त्या कागदावरच सापडतील. ती बँकही सुटत नाही. कागदावरून कळण्यासारखी फेरफार साध्या काळजीने तपासणे कलम 131 च्या स्पष्टीकरणाप्रमाणे तिचे काम होते. 2 लाखांवरचे चेक अतिनील दिव्याखाली पाहावेत आणि नव्याने उघडलेल्या खात्यांत चेकने येणाऱ्या रकमांवर लक्ष ठेवावे, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2014 मध्येच बँकांना कळवले होते. दोन्ही बँकांना आजच लेखी पत्र द्या: मूळ चेक, खाते उघडतानाची कागदपत्रे आणि चेक भरला त्या दिवसाचे सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवा. चित्रण फार दिवस टिकत नाही. पोलिसांत अर्ज दिला म्हणता, पण त्याचा गुन्हा नोंदवून घ्या. चेकवरची खाडाखोड ही भारतीय न्याय संहितेच्या कलम 338 खालची गंभीर बनावटगिरी आहे, आणि गुन्हा दाखल झाल्यावर समोरचे खाते गोठवण्याचा आग्रह धरता येतो.

दाद कुठे मागायची? बँकेला तक्रार देऊन उत्तर आलेच आहे, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जा. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. ग्राहक आयोगात पेढीचे करंट खाते म्हटल्यावर 'हा व्यापारी वापर आहे' ही हरकत पहिल्याच तारखेला येईल आणि त्या एका हरकतीवर वर्ष निघून जाईल. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. ती संपत आली की माणसे माझ्याकडे धावत येतात, तसे करू नका.

लोकपालाकडच्या तक्रारीत धुतलेल्या शाईची कहाणी दोन ओळींत उरका. पहिल्या परिच्छेदात बँकेचा मेसेज जसाच्या तसा उतरवा आणि त्याखाली एकच प्रश्न घाला: 8,86,000 च्या चेकची नोंद कुणी, कधी आणि कुठल्या मोबाइलवरून केली होती, ते बँकेने कागदावर दाखवावे.