इलस्ट्रेशन शिकताना आपली प्रगती झाली की नाही हे कसं ओळखावं? सत्राअखेरीच्या आत्मपरीक्षणात काय लिहावं?

तुम्ही दुसऱ्या वर्षाला आहात, ज्युरीसोबत (सत्राअखेरी परीक्षकांपुढे कामं मांडून होणारं मूल्यमापन) दोन पानांचं आत्मपरीक्षण द्यायचंय आणि ‘चित्रं सुधारल्यासारखी वाटतात, पण दाखवू काय’ ही तुमची अडचण. नुसती फायनल चित्रं समोर ठेवून ती सुटणार नाही. एका फायनलला तीन आठवडे मिळालेले असतात, दुसरं रात्रीत उरकलेलं असतं. एकाला फोटोचा आधार, दुसऱ्याला नाही. स्केचबुकं, थंबनेल (चित्राचे छोटे कच्चे आराखडे), सरांनी दुरुस्त्या केलेले ट्रेसिंग पेपर, बाजूला टाकलेली रफ, सगळं काढा आणि तारखेप्रमाणे जमिनीवर मांडा. तारखा नसतील तर आजपासून प्रत्येक कागदामागे तारीख, लागलेला वेळ, माध्यम आणि संदर्भ वापरला की नाही, एवढं लिहीत चला.

शिवाय एक ठरलेली चाचणी ठेवा. दोन माणसं, एक जागा आणि एक घटना असलेला चार-पाच ओळींचा उतारा घ्या. समजा, एसटीच्या थांब्यावर अचानक पाऊस येतो आणि आजी नातवाला छत्रीखाली ओढते. दर तीन महिन्यांनी हाच उतारा, जुनं चित्र न बघता: अर्ध्या तासात ५ × ७ सेंमीची सहा थंबनेल, मग त्यातलं एक निवडून ए-४ कार्ट्रिज कागदावर (चित्रांसाठीचा जाड कागद) दोन तासांत पेन्सिल आणि शाई. संदर्भाला फोटो नाही. वेळ संपली की हात थांबवायचा. आजीचा चेहरा सुरकुत्यांसह पूर्ण आणि थांबा कोराच, असं झालं असेल तर सगळं चित्र ढोबळ बसवण्याआधीच तुम्ही बारकाव्यात शिरलात. हे निरीक्षण आत्मपरीक्षणात थेट लिहिण्यासारखं आहे.

आता तपासणी. चित्रांचे फोटो एकाच खिडकीपाशी काढा, मोबाइलवर कृष्णधवल करा आणि अंगठ्याएवढे छोटे करून बघा. उजळ, मधला, गडद असे तीन गट वेगळे दिसायला हवेत. विद्यार्थ्यांच्या कामात बहुतेकदा सगळं मधल्या टोनमध्ये (उजळ-गडदपणात) अडकतं, कारण गडद लावायची भीती वाटते. रंगीत कामात हा दोष लपतो: लाल साडी हिरव्या भिंतीपुढे उठून दिसते, पण दोन्हींचा टोन एकच असेल तर कृष्णधवलमध्ये आजी भिंतीत विरघळते. मग फोटो आरशातल्यासारखा डावा-उजवा उलटा करा. कललेले चेहरे आणि तीन-चतुर्थांश चेहऱ्यातला पलीकडचा मोठा झालेला डोळा लगेच पकडला जातो. छापण्यासाठी काम करणार असाल तर निम्म्या आकारात प्रिंट काढा. बारीक रेघा गायब होतात आणि दाट हॅचिंगचा (छायेसाठी ओढलेल्या समांतर रेघांचा) काळा ठिपका होतो.

माणसं हवेत तरंगतात, ही तक्रार जवळजवळ प्रत्येक ज्युरीत ऐकू येते. जुन्या चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवा आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीची, म्हणजे क्षितिजाची, आडवी रेघ ओढा. सपाट जमिनीवर, सारख्या उंचीची माणसं कितीही लांब उभी असली तरी ही रेघ त्यांना एकाच जागी कापते. जवळच्याला खांद्यात, तर लांबच्यालाही खांद्यातच. तुमची रेघ पुढच्याच्या छातीतून आणि मागच्याच्या गुडघ्यातून जात असेल तर मागचा एकतर राक्षस आहे किंवा स्टुलावर उभा आहे. जूनच्या आणि सप्टेंबरच्या चित्रांवर ही रेघ ओढून ट्रेसिंगसकट जोडलं, तर परीक्षकांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

मग पळवाटा मोजा. शेवटच्या वीस आकृत्यांत किती हात खिशात, पाठीमागे किंवा पदराखाली आहेत? किती पावलं गवतात बुडाली आहेत? शाळेतल्या इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रासाठी पाठ केलेली घागरवाली बाई अजून कुठे डोकावते का? (डोकावतेच.) आवडत्या चित्रकाराकडून उचललेली शैलीही पळवाट असू शकते, डोळे मोठे आणि नाक एका ठिपक्याचं केलं की चेहऱ्याची रचना कळली नसली तरी चालून जातं. आयपॅडवर प्रोक्रिएट या चित्रकलेच्या अ‍ॅपमध्ये काम करत असाल तर त्याचा टाइमलॅप्स (चित्र कसं घडत गेलं त्याचा वेगवान व्हिडिओ) बघा, वेळ नक्की कुठे गेला ते त्यात दिसतं.

एवढं करूनही इलस्ट्रेशनचा खरा प्रश्न उरतोच: चित्र गोष्ट सांगतं का? उतारा न दाखवता चित्र एखाद्याला पाच सेकंद दाखवा, मग झाका आणि काय चाललंय ते विचारा. ‘आजी, मुलगा, छत्री’ एवढंच उत्तर आलं तर तुम्ही वस्तू मांडल्या. ‘आजी त्याला ओढतेय, त्याला भिजायचंय’ असं आलं तर काम झालं. इथली चूक बहुतेकदा रेखाटनात नसते, क्षणाच्या निवडीत असते. नातू छत्रीखाली पोचल्यावरचं चित्र थंड पडतं. एक पाय अजून डबक्यात आणि मनगट आजीच्या मुठीत, तेव्हा ताण असतो. याच्या सरावासाठी ‘किशोर’ या मुलांच्या मासिकाचे जुने अंक घ्या. चित्र आधी बघा, प्रसंग ओळखा, मगच मजकूर वाचा आणि चित्रकाराने नेमका कोणता क्षण धरला ते नोंदवा.

लिहिताना ‘खूप शिकायला मिळालं’, ‘रंगसंगती सुधारली’ असली वाक्यं काढून टाका. प्रत्येक विधानाला तारखांसह चित्रांची एक जोडी द्या. असं काहीतरी: ‘जूनमधल्या सहाही थंबनेलमध्ये दोघं समोरून, नाटकासारखी ओळीत उभी आहेत. सप्टेंबरमध्ये दोन थंबनेल वरून, एक मुलाच्या उंचीवरून. बदलाचं कारण, बसस्टँडवर बसून केलेली दोन-दोन मिनिटांची रेखाटनं. थांब्याचं छत अजून चुकतं.’ सुधारलेल्या तीन आणि अडलेल्या दोन गोष्टी पुरेत. अडलेल्या लपवू नका; ज्युरीला त्या तशाही दिसतात.

अडलेल्या प्रत्येक गोष्टीपुढे नेमका सराव लिहा. हात लपवता असं निघालं असेल तर ‘हातांवर काम करेन’ हे पुरेसं नाही. रोज पाच हात, प्रत्येकी दोन मिनिटं, आणि काहीतरी धरलेले: कपाचा कान, पिशवीचे बंद, बसमधला दांडा. मोकळा पंजा जमून जातो. पकड घेताना अंगठा कुठून वळतो आणि बोटांची पेरं कशी झाकली जातात, तिथेच रेघ चुकते.