मवाळ, नेमस्त की मध्यममार्गी?

प्रश्न असा आहे: राजकारणातल्या 'मॉडरेट' माणसाला मराठीत काय म्हणावं? 'मवाळ' म्हटलं की तो घाबरट वाटतो आणि 'मध्यममार्गी' म्हटलं की दोन्ही डगरींवर हात ठेवणारा.

हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय नाहीतच, अडचण तिथे आहे. माणूस भांडतो कसा ते 'मवाळ' सांगतो; मागतो काय ते 'मध्यममार्गी' सांगतो.

आपल्या कोल्हापूरचं ऊसदराचं आंदोलन डोळ्यांसमोर आणा. शेतकरी संघटना पहिल्या उचलीचा (उसाच्या पैशांच्या पहिल्या हप्त्याचा) एक आकडा मागते, कारखाने त्याहून खालचा सांगतात. संघटनेचाच आकडा मागणारा, पण कारखान्याचा वजनकाटा बंद पाडू नका, उसाच्या गाड्यांची हवा सोडू नका, साखर सहसंचालकांसमोर बसून बोलू म्हणणारा कार्यकर्ता मवाळ. मागणी त्याची रुपयानंही कमी नाही. दोन आकड्यांच्या मधला दर सुचवतो तो मध्यममार्गी. त्या मधल्या दरासाठी तो रस्त्यावर आडवा झाला, तर मध्यममार्गी आणि जहाल एकाच वेळी! 'तुमचं तुम्ही बघा' म्हणणारा तटस्थ. तट म्हणजे काठ. पंचगंगेच्या घाटावरून पूर बघणारा. मध्यममार्गी पाण्यात उतरलेला असतो, म्हणून त्याला तटस्थ म्हणणं चूकच.

मग 'मवाळ'ला भित्रेपणाचा वास का? क्रियापदामुळे. 'नेत्यांची भूमिका मवाळ झाली' हे बातमीतलं वाक्य घ्या. आधी ताठर होती, आता माघार घेतली, एवढं सगळं त्या 'झाली'त येतं. 'त्यांची भूमिका मवाळ आहे' म्हटलं की माघार उरत नाही. स्वभाव सांगायचा असेल तर 'असणे' वापरा. 'होणे', 'पडणे' टाळा.

'जहाल-मवाळ' ही जोडी रुळली ती काँग्रेसमधल्या वादातून. 1907 साली सुरतेत फूट पडली. वाद मुख्यतः इंग्रज सरकारशी वागायचं कसं याचा होता: सनदशीर अर्ज-ठराव की बहिष्कार. समाजसुधारणेला ती जोडी लावली की घोटाळा होतो. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याला (मुलींचं शरीरसंबंधाला संमतीचं किमान वय वाढवणाऱ्या) विरोध केला तो जहाल टिळकांनी. गोखले (काही शिक्षण त्यांचं कोल्हापुरातच झालं) राजकारणात मवाळ आणि सामाजिक बाबतीत सुधारक. शाहू महाराजांनी इंग्रजांशी उघड दावा मांडला नाही, पण 26 जुलै 1902 ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी 50 टक्के जागा राखल्या. त्या हुकमाला मवाळ कोण म्हणेल? म्हणून 'मवाळ' एकटा सोडू नये, कशाच्या बाबतीत ते सांगावं.

माझी पसंती 'नेमस्त'ला. त्याच काळात मवाळांना नेमस्तही म्हणत. नेमस्त आहार, नेमस्त बोलणं: यात माप आहे, भीती नाही. विचारही बेताचे आणि रीतही बेताची, अशा माणसाला हाच शब्द चपखल बसतो. नव्या वाचकाला तो अनोळखी वाटेल, पण पहिल्या वापरात 'नेमस्त, टोकाला न जाणारे' असं जोडून लिहिलं की काम भागतं.

लिहिताना एक सांभाळा. 'मवाळांनी', 'नेमस्तांनी' सहज होतं. 'मध्यममार्गी'ला प्रत्यय लावताना लोक अडखळतात आणि घाईत 'मध्यमवर्गीयांनी' लिहून जातात. तिथे सरळ 'मध्यममार्गी लोकांनी' लिहावं.