प्रकल्पप्रमुख होताना

नागपूर

अनेक आशीर्वाद.

पाण्यातलं फ्लोराइड काढण्याचा प्रकल्प तुझ्याकडे सोपवला, हे ऐकून फार आनंद झाला. बजेट, वेळापत्रक, युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) हे सगळं तू महिन्या-दोन महिन्यांत शिकशील. मला लिहायचंय ते स्वभावाबद्दल.

पूल बांधताना शेवटी काय उभं राहणार, हे पहिल्या दिवशी नकाशात दिसतं. संशोधनात तसं नसतं, म्हणून वाईट बातमी येणारच. ती तुझ्यापर्यंत केव्हा पोहोचते, हे मात्र बरंचसं तुझ्यावर आहे. एखादा जेआरएफ, म्हणजे तुझ्या हाताखालचा कनिष्ठ संशोधक, येऊन म्हणाला, "रीडिंग जुळत नाहीये," तर "चूक कोणाची?" असं विचारू नकोस. त्याच्या शेजारी बस, वही उघडायला सांग, कच्चे आकडे बघ. तुझ्या कपाळावर एकदा आठी दिसली, की पुढच्या वेळी तो न जुळणारे आकडे वगळून तक्ता आणेल. मग खरं काय ते तुला मार्चअखेरीस, पैसे संपत आल्यावर कळेल. मीटिंगमध्ये ओळीने सगळे "ठीक चाललंय" म्हणू लागले, तर मला धास्ती वाटते. अशा वेळी एकेकाला वेगळं गाठून बोल.

दुसरं, लॅबबाहेर जायची ओढ हवी. आपल्या नागपुरातल्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) 1970च्या दशकात विकसित केलेली नलगोंडा पद्धत तुला ठाऊक आहेच. चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटी घालून पाणी ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी गाळून घ्यायचं. घरच्या बादलीतही जमेल इतकी ती सोपी, आणि त्याबद्दल मला तिचा मनापासून आदर आहे. पण तुरटी किती घालायची हे पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि अल्कलिनिटीवर (आम्ल शमवण्याच्या क्षमतेवर) ठरतं, म्हणजे गावातल्या दोन विहिरींचंही माप वेगळं असू शकतं. गाळ कुठे टाकायचा, हाही रोजचा प्रश्न. फ्लोराइड लिटरमागे 1.5 मिलिग्रॅमच्या खाली आलं, एवढं लॅबचा रिपोर्ट सांगतो. शेतावर जायची घाई असलेली बाई रोज सकाळी ते माप घालून ढवळेल का, हे तिच्या अंगणात बसल्याशिवाय कळत नाही. नमुने घ्यायला मुलं मे महिन्यात, पारा 45च्या आसपास असताना हातपंपांवर जातील, तेव्हा एखाद्या फेरीला तूही जा.

उपकरणाबद्दल तुझ्या हाताखालच्या मुलीला तुझ्यापेक्षा जास्त कळत असेल, तर सगळ्यांसमोर तिलाच विचार. त्याने तुझा मान कमी होत नाही.

सर्वांत अवघड गुण म्हणजे थांबवता येणं. कोणता आकडा, कोणत्या महिन्यापर्यंत आला नाही तर हा मार्ग सोडायचा, हे आत्ताच सगळ्यांनी मिळून लिहून ठेवा. वर्षभर राबल्यावर जीव इतका गुंततो, की "अजून एक प्रयोग" करावासा वाटतोच. आणि मार्ग सोडलाच, तर त्यावर काम केलेल्यांची नावं रिपोर्टात पूर्ण घाल, काय चाललं नाही तेही त्यांनाच लिहू दे, आणि पुढच्या कामासाठी माणसं निवडताना आधी त्यांना विचार.

तुझा शुभचिंतक