सहारा हिरवा होता हे फक्त गुहेतल्या चित्रांवरून ठरवलंय का?

नाही हो. चित्रांचे फोटो सगळीकडे फिरतात म्हणून तसं वाटतं, पण दगडावरच्या चित्राचं वय काढणं म्हणजे महाकटकटीचं काम, खरा पुरावा खाली मातीत असतो, लोकांनी खाऊन टाकलेल्या उकिरड्यात.

टाकारकोरीचंच घ्या. लिबियाच्या नैऋत्येला तद्रार्त अकाकूस नावाचे वालुकाश्माचे डोंगर आहेत, तिथली ही कपार, रोमच्या सापिएन्झा विद्यापीठाच्या लोकांनी खणलेली. सगळं इतकं कोरडं की शेण, बिया, हाडं हजारो वर्षं टिकून राहिली. मडक्यांच्या खापरात मुरलेली चरबीसुद्धा टिकली, आणि २०१२ मध्ये तिची तपासणी झाली तेव्हा ती दुधाची निघाली, साधारण ७००० वर्षांपूर्वीची! म्हणजे आज जिथे काडी उगवत नाही तिथे तेव्हा दुभती जनावरं चरत होती.

पण मला विचाराल तर भारी पुरावा माशांचा. प्राण्यांचे १७,५५१ अवशेष तपासले तर त्यातले जवळजवळ ८० टक्के माशांचे, काहींवर कापल्याच्या नि भाजल्याच्या खुणा, म्हणजे माणसांनीच खाल्लेले. मासे दोन प्रकारचे, एक तिलापिया (हो, आपल्या बाजारात मिळतो तोच गोतावळा) आणि दुसरा मांगूरच्या कुळातला.

पाणी आलं कुठून, तर पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत असतो, त्यामुळे ११,००० वर्षांपूर्वीच्या आसपास उत्तर गोलार्धात उन्हाळ्यात ऊन जास्त मिळायचं आणि आफ्रिकेचा मान्सून पार उत्तरेपर्यंत चढायचा. पुढे तो मागे सरला. हे सरकणंही त्याच उकिरड्यात दिसतं बघा, सुरुवातीच्या थरांत ९० टक्के अवशेष माशांचे, आणि ५९०० ते ४६५० वर्षांपूर्वीच्या थरांत फक्त ४० टक्के, बाकी जनावरांची हाडं. त्यातही तिलापिया जास्त घटला, मांगूरवाले तग धरून राहिले, कारण त्यांना वरची हवा घेता येते, त्यामुळे उथळ, तापलेल्या डबक्यातही ते जगतात. म्हणजे नुसतं पाणी होतं एवढंच नाही, ते कसं आटत गेलं हेसुद्धा कुठला मासा किती सापडला यावरून कळतं.