खलनायकाचं बालपण, आपलं तिकीट

*(सदाशिव पेठेत पुस्तकांची लायब्ररी चालवणाऱ्या आमच्या सिनेमावेड्या काकू वाचकांना उत्तरं देतात. या वेळचा विषय : सुपरहिरोंचे आणि त्यांच्या शत्रूंचे काळेकुट्ट सिनेमे. काकू शेवट सांगून टाकतात, तेव्हा ज्यांचं पाहायचं राहिलंय त्यांनी जपून वाचावं.)*

प्रश्न : काकू, मागच्या अंकात तुम्ही ‘जोकर’ला रडका सिनेमा म्हणालात. आर्थरला पोरं बडवतात, त्याची औषधं बंद होतात, आई त्याच्याशी आयुष्यभर खोटं बोलते. असा माणूस जोकर होणार नाही तर काय होणार? तुम्हाला समाजाचा दोष दिसतच नाही का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कर्वेनगर

अरे, दिसतो की. समुपदेशन करणारी बाई त्याला सांगते की सरकारनं पैसे कापलेत, आपलं ऑफिस बंद होतंय, आणि हा विचारतो की मग माझी औषधं कुठून आणू. तो प्रसंग मला सगळ्यात जास्त लागला. सरकारी दवाखान्यात रांग लावलेल्या कुणालाही लागेल. वाकीन फिनिक्सबद्दलही माझी तक्रार नाही. ऑस्कर मिळालं ते योग्यच झालं. आवरता न येणारं ते हसू घशात अडकतं ना, तेव्हा आपलाच श्वास कोंडतो. (आपल्याकडे आर्थर सिगारेट ओढत असतो आणि कोपऱ्यात ‘आरोग्यास हानिकारक’ची पाटी झळकत असते. तो इतकी ओढतो, की ती पाटीच सहनायिका वाटायला लागते.)

माझं म्हणणं वेगळं आहे. आर्थर ज्याला ज्याला मारतो, तो माणूस मरायच्या लायकीचा आहे हे सिनेमानं आधीच ठरवून ठेवलंय. लोकलमधले तिघे माजोरडे, आई खोटारडी, कामावरचा सोबती रँडल दगाबाज, टीव्हीवाला मरे याची टिंगल करून टाळ्या मिळवणारा. प्रत्येकाचं पाप आधी दाखवायचं आणि मग गोळी घालायची. बघणाऱ्याच्या मनाला कुठेच टोचत नाही. शिट्ट्या वाजवून घरी जायला मोकळे.

याला अपवाद फक्त गॅरीचा प्रसंग, आणि तो बारकाईनं बघ. आर्थर घरातच रँडलला मारतो. सोबत आलेला ठेंगणा गॅरी कोपऱ्यात थरथरतोय. आर्थर म्हणतो, जा तू. गॅरी रक्त चुकवत दारापर्यंत जातो, आणि दाराच्या साखळीला त्याचा हात पुरत नाही. नुकत्याच खून केलेल्या माणसालाच त्याला हाक मारावी लागते : आर्थर, कडी काढतोस का? मी पाहिला त्या खेळाला सगळं थिएटर हसलं होतं. माझ्या शेजारचा गृहस्थ तर पॉपकॉर्न सांडेपर्यंत हसला.

२०२४ मध्ये दुसरा भाग आला, लेडी गागा आणि गाण्यांसकट. लोकांनी तो धुऊन काढला. पहिल्यानं १०० कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला होता, दुसऱ्याला जेमतेम खर्चाएवढी कमाई झाली, आणि त्यातला अर्धा वाटा थिएटरवाल्यांचा. गाणी मलाही रटाळ वाटली. पण त्यात गॅरी कोर्टात साक्षीला येतो. तोंडाला रंग फासलेला आर्थर स्वतःच त्याची उलटतपासणी घेतो, आवाज बदलून, नाटकीपणानं. आणि गॅरी सांगतो की त्या दिवसापासूनची भीती अजून गेलेली नाही. कामावर तूच तेवढा मला हसला नव्हतास, हेही सांगतो. पाच वर्षांपूर्वी ज्या प्रसंगाला आपण हसलो होतो, त्याचं बिल तिथे येतं. तेवढ्यासाठी मी त्या सिनेमाला सगळी गाणी माफ केली. तू मात्र नेमकी त्याच्यावरच ‘बकवास’ अशी टीप चिठ्ठीत लिहिली आहेस.

हीथ लेजरचा जोकर आठव. २००८ चा ‘द डार्क नाइट’. त्यात तो ओठांवरच्या व्रणांची गोष्ट दोनदा सांगतो. एका गुंडाला सांगतो की दारुड्या बापानं सुरी चालवली. रेचलला सांगतो की बायकोसाठी स्वतःच कापून घेतलं. दोन्ही वेळा ऐकणारा हादरतो. दुसरी गोष्ट ऐकल्यावर आपल्याला कळतं की पहिलीही थाप असणार. त्याला बालपण नाही म्हणून त्याची भीती वाटते. आर्थरला इतकं बालपण दिलंय की भीतीला जागाच उरत नाही.

प्रश्न : ‘क्रेव्हन द हंटर’ ओटीटीवर आलाय. बघू का?
— सिंहगड रस्ता

नको.

बरं, कारण हवंच असेल तर ऐका. स्पायडरमॅनच्या सिनेमाचे हक्क सोनीकडे आहेत. त्यांनी काय करावं? स्पायडरमॅनच्या शत्रूंना एकेक करून नायक केलं, आणि स्पायडरमॅनला घरी बसवलं. व्हेनम, मॉर्बियस, क्रेव्हन. ‘मॉर्बियस’ची तर इंटरनेटवर इतकी टर उडाली की कंपनीला वाटलं लोकांना आवडतोय. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेत तो पुन्हा थिएटरांत लावला, आणि पुन्हा कुणी फिरकलं नाही. ‘व्हेनम’ मी बघते, लपवत नाही. टॉम हार्डी आणि त्याच्या अंगातलं ते भूत यांची भांडणं म्हणजे वाड्यातल्या मालक-भाडेकरूची कटकट आहे, आणि तिचा मला सराव आहे.

क्रेव्हनचं दुःख मोठं आहे. १९८७ मध्ये त्याच्यावर एक कॉमिक्समालिका आली होती. त्यात तो स्पायडरमॅनला जमिनीत पुरतो, त्याचाच पोशाख घालून शहरभर फिरतो, आपण त्याच्याहून श्रेष्ठ आहोत हे स्वतःला पटवतो, आणि मग बंदूक स्वतःवर चालवतो. सगळी गोष्ट एका माणसाच्या दुसऱ्यावरच्या वेडाची. आता यातून स्पायडरमॅन वजा करा. उरतो जनावरांची काळजी घेणारा, पोटावर घड्या असलेला एक तरुण. वनखात्यात नोकरी मिळेल त्याला.

प्रश्न : मी ७१ वर्षांचा आहे. नातवानं ‘द बॅटमॅन’ दाखवायला मल्टिप्लेक्सला नेलं. तीन तास अंधार, पाऊस आणि खोकल्याचे आवाज. नातू म्हणाला, ‘आजोबा, हे मुद्दाम आहे.’ माझा मोतीबिंदू की दिग्दर्शकाचा?
— कोथरूड

नमस्कार. तुमचा मोतीबिंदू निर्दोष असावा. गुन्हेगार तिसराच आहे.

सिनेमा काळोखा आहे हे खरंच, १७६ मिनिटांतला बराचसा रात्रीच घडतो. पण छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर हा कच्चा गडी नव्हे, त्याच वर्षी ‘ड्यून’साठी त्याला ऑस्कर मिळालं. त्या अंधारात पाहण्यासारखं पुष्कळ भरलंय. एक मारामारी मिट्ट काळोख्या बोळकांडीत होते आणि उजेड फक्त बंदुकीच्या बारांचा. बार झाला की बॅटमॅन दोन पावलं पुढे आलेला. हे दिसायचं तर पडदा हवा तेवढा उजळ लागतो. डिजिटल सिनेमाचं ठरलेलं माप आहे १४ फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं हे एकक). प्रोजेक्टरचा दिवा म्हातारा झाला आणि बदलला नाही, किंवा थ्रीडीचं झाकण लेन्सपुढून न काढताच साधा सिनेमा लावला, तर त्याच्या निम्मासुद्धा उजेड पडद्यावर पोचत नाही. हाणामारीच्या झगझगीत हिंदी सिनेमात हे कुणाच्या लक्षात येत नाही. बॅटमॅनमध्ये सगळा खेळच बुडतो.

माझ्यावर हीच पाळी आली होती, थिएटरचं नाव घेत नाही. मी मध्यंतरात मॅनेजरला गाठलं. त्यानं मला शांतपणे सांगितलं, ‘मॅडम, डार्क मूव्ही आहे.’ तेव्हापासून माझा नियम असा की आधी जाहिराती बघायच्या. पंख्याच्या जाहिरातीतली पांढरी भिंत राखाडी दिसली, तर तिथेच उठून तक्रार करायची, सिनेमा सुरू व्हायची वाट बघायची नाही. तुम्ही ज्येष्ठ नागरिक आहात, तुमचं ऐकतील.

सिनेमा मात्र घरी पुन्हा बघा, दिवे घालवून. सुरुवातीला बॅटमॅन गुंडांना बडवतो आणि ‘मी सूड आहे’ असं म्हणतो. शेवटी खलनायक रिडलरचा एक बंदूकधारी चेला पकडला जातो, मुखवटा काढून त्याला विचारतात तू कोण, तर तोही अक्षरशः तेच म्हणतो. बॅटमॅनचा चेहरा बघा तेव्हा. मग तो लाल मशाल पेटवतो आणि तुंबलेल्या पाण्यातून लोकांना बाहेर नेतो. इतक्या अंधाराची किंमत तिथे वसूल होते. बाकीचे दिग्दर्शक अंधाराची नुसती उधारी करतात.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. वर्गातले सगळे असले सिनेमे बघतात म्हणतो. कोणता दाखवू?
— वारज्याची आई

सगळे बघत नाहीत हो, सगळे तसं सांगतात. ‘ए’ प्रमाणपत्र असेल तर प्रश्नच मिटला, थिएटरात १८ च्या खाली प्रवेश नाही. २०२४ च्या अखेरीस यूएचे ७, १३ आणि १६ असे भाग झालेत, ते तुमच्यासाठी आहेत, दारावरच्या माणसासाठी नाहीत. आणि आपल्या सेन्सॉरवर फार विसंबू नका. २०२५ च्या ‘सुपरमॅन’मध्ये त्यांनी चुंबनाला कात्री लावली, माणसं धोपटलेली चालली.

‘थंडरबोल्ट्स’ सोबत बसून बघा. त्यात बॉब नावाचा एक पोरगा आहे. सुपरमॅनएवढी ताकद, आणि आतून पार पोखरलेला. त्याची काळी बाजू बाहेर आली की रस्त्यावरची माणसं एका क्षणात जमिनीवरच्या सावल्या होतात. रक्ताचा थेंब नाही, पण अंगावर काटा येतो. मुलगा काही विचारेल, तेव्हा फोन बाजूला ठेवा. शेवटची पत्रकार परिषद म्हणजे पुढच्या सिनेमाची जाहिरात आहे, तिथे ताटं वाढायला घ्या.

प्रश्न : तुम्ही म्हणता नायकाशिवाय खलनायकाचा सिनेमा लंगडा. मग ‘द पेंग्विन’ची स्तुती कशी काय करता? आठ भागांत बॅटमॅन कुठेच नाही!
— एक चिकित्सक, नारायण पेठ

नायक हवा असं मी म्हटलं नाही. समोर कुणीतरी हवं, असं म्हटलं. क्रेव्हनसमोर कोण आहे? जोकरसमोर? ‘पेंग्विन’मध्ये ऑझसमोर, म्हणजे पेंग्विनसमोर, माफिया घराण्यातली सोफिया आहे, आणि ती त्याला आरपार ओळखते. क्रिस्टिन मिलिओटी जेवणाच्या टेबलावर नुसती बघत बसते आणि कॉलिन फॅरलच्या त्या रबरी चेहऱ्यालाही घाम फुटल्यासारखा वाटतो. शिवाय घरात आई आहे. आईला लेकाबद्दल खरं काय ते माहीत आहे.

आणि विक्टर. ऑझच्या हाताखाली वाढणारं, अडखळत बोलणारं पोर. आठ भाग आपल्याला वाटत राहतं की या गुंडाच्या मनात याच्यासाठी तरी एक कोपरा आहे. ऑझला तसा कोपरा आहे, यात शंका नाही. म्हणूनच तो शेवटी बाकावर शेजारी बसून त्याचा गळा दाबतो. ऑझलाही बालपण दिलंय, पण ते दाखवून मालिका माफी मागत नाही, उलट ते बघून जास्तच हादरायला होतं. ‘जोकर’नं नेमकं हेच टाळलं.

प्रश्न : मराठीत असा खलनायक का होत नाही? आपल्याकडे बजेट नाही म्हणून?
— हडपसर

तात्या विंचू काय डॉलरवर उभा राहिला होता? १९९३ मध्ये एका बाहुल्यानं महाराष्ट्रातल्या निम्म्या मुलांना पलंगाखाली बघायला लावलं. माझा भाचा अजून बोलक्या बाहुल्या घरात येऊ देत नाही, आणि तो स्वतः दोन मुलांचा बाप आहे. त्याआधी १९९० चा कवट्या महाकाळ. त्याचं बालपण कुणी विचारलं?

पण तुम्ही गंभीर, काळं काही मागताय, तर मी ‘सामना’ सांगेन. १९७५, जब्बार पटेल दिग्दर्शक, लेखन तेंडुलकरांचं. निळू फुल्यांचा हिंदुराव साखर कारखान्याचा धनी, सगळ्या मुलुखाचा अन्नदाता. तो लहानपणी उपाशी होता का, बापानं मारलं का, काही सांगत नाहीत. आणि समोर कोण? लागूंचा मास्तर. दारुडा, फाटका, हातात शस्त्र नाही, अंगात बळ नाही. हिंदुराव त्याला घरी आणून ठेवतो, पाजतो, मिठाखाली आणायला बघतो. मास्तर त्याची दारू पितो आणि विचारतो, मारुती कांबळेचं काय झालं? पुन्हा पितो, पुन्हा विचारतो. निळूभाऊंचा चेहरा दर वेळी किंचित वेगळा होतो. आधी हसू, मग कंटाळा, मग डोळ्यांच्या कडेला काहीतरी हलतं. दोन म्हातारे आणि एक प्रश्न, एवढ्यावर सिनेमा उभा आहे.

निळूभाऊ हा माणूस आपल्या पुण्याचा, वानवडीला लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाचा कार्यकर्ता. पडद्यावर त्यांनी नुसती टोपी सारखी केली तरी बायका पदर सावरायच्या. यात बजेट कुठे आलं?

प्रश्न : तुमच्या लायब्ररीत ‘द किलिंग जोक’ आहे का? १९८८ ची मूळ आवृत्तीच हवी असं नाही.
— एस.पी. कॉलेज

आहे, म्हणजे जोकरच्या त्या कॉमिक्सची प्रत होती. टिळक रस्त्यावर राहणाऱ्या, दाढीवाल्या आणि फार नम्र बोलणाऱ्या एका सभासदानं नेली आणि तो नंतर दिसला नाही. तो हे सदर वाचतो हे मला माहीत आहे, कारण मागच्याच महिन्यात त्यानं टोपणनावानं प्रश्न पाठवला होता आणि अक्षर मी ओळखते. बाबा रे, तुझ्यानंतर चार जण थांबलेत. पुस्तक आण, दंड माफ. त्यातल्या चित्रकार बोलंडच्या चित्रांवर चहाचा डाग असेल, तर मात्र दंड पडेल.