तिथल्या लोकांना बाहेरचे नको झालेत, मग मुलाला पाठवू का?

प्रश्न : मुलगा बी.कॉम. झालाय. टोरांटोजवळच्या एका कॉलेजात दोन वर्षांच्या बिझनेस डिप्लोमाला त्याला प्रवेश मिळतोय. एजंट म्हणतो, एकदा पोचला की पीआर (कायमचं राहायचा परवाना) होऊनच जातं. पण कॅनडातल्या लोकांना आता बाहेरचे नको झालेत, असं ऐकते. शेत गहाण टाकून पैसे उभे करायचेत. काय करू?
– एक आई, जत (जि. सांगली)

उत्तर : ताई, गहाणखताचा कागद अजून झाला नसेल तर आधी तो थांबवा. मग पुढचं वाचा.

मी १९९८ साली इथे आले. टोरांटोच्या पश्चिमेला एका सार्वजनिक वाचनालयात काम करते. तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. एन्व्हायरॉनिक्स ही संस्था अनेक वर्षं इथल्या लोकांना विचारत आलीय, की बाहेरून येणारे फार झालेत असं वाटतं का? २०२२ मध्ये २७ टक्के लोक ‘हो’ म्हणाले, २०२३ मध्ये ४४ आणि २०२४ मध्ये ५८. इतक्या वर्षांत लोकांचं मत असं झपाट्याने फिरलेलं मी पाहिलं नव्हतं.

रागाचं मूळ मुख्यतः घरांच्या टंचाईत आहे. २०२३ या एका वर्षात देशाची लोकसंख्या ३.२ टक्क्यांनी वाढली. १९५७ नंतर इतकी वाढ झाली नव्हती. त्यातले जवळजवळ सगळे बाहेरून आलेले, आणि निम्म्याहून जास्त तात्पुरत्या परवान्यावरचे. जन्मदर घसरलेला, त्यामुळे माणसं हवीतच. पण त्यांना राहायला घरं कुठे होती? माझे शेजारी इटलीहून लहानपणी आलेले, सत्तरी ओलांडलेले. नातीला भाड्याने खोली मिळेना तेव्हा म्हणाले, “पोरं चांगली आहेत गं, पण राहणार कुठे?”

मी स्वतः बाहेरून आलेली. ‘संख्या फार झाली’ असं म्हणायचा मला हक्क आहे का, या प्रश्नाने मला बरेच दिवस छळलं. आता मी ते उघड म्हणते, कारण त्याचा पहिला फटका आपल्याच मुलांना बसला. कॉलेजांना परदेशी मुलांची कित्येक पट फी हवी होती, एजंटांना कमिशन. मुलगा उतरल्यावर निजणार कुठे, हे कुणी पाहिलं नाही.

एका जानेवारीत एक मुलगा बायोडेटाच्या चाळीस प्रती काढायला आला. पायात कापडी बूट, बर्फाने भिजलेले. फोनवर आई विचारत होती, “जेवलास का रे?” तो म्हणाला, “हो, वरणभात.” फोन ठेवला आणि माझ्याकडे येऊन हळूच विचारलं, “काकू, इथे फुकट धान्य कुठे मिळतं?” एका तळघरात सात जण गाद्या टाकून राहत होते. त्याच्या आईला आजही हे माहीत नसेल.

लोकांचा सूर बदलला तसं सरकारही बदललं. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. ऑक्टोबरमध्ये पीआरचं २०२५ चं उद्दिष्ट ५ लाखांवरून ३,९५,००० वर आणलं, २०२६ साठी ३,८०,०००. म्हणजे आत आलेले जास्त आणि पीआरच्या जागा कमी. ‘होऊनच जातं’ हे आता कुणीच सांगू शकत नाही.

तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. १ नोव्हेंबर २०२४ पासून विद्यार्थी परवान्यासाठी अर्ज करणाऱ्यांना कॉलेजच्या डिप्लोमानंतर वर्क परमिट हवं, तर विषय सरकारच्या यादीत असावा लागतो. आरोग्य, बांधकामातली कुशल कामं असे विषय त्यात आहेत. साध्या बिझनेस डिप्लोमाला बहुधा ते मिळणार नाही. शिवाय पहिल्या वर्षाची फी वेगळी आणि राहण्याखाण्याचे (सप्टेंबर २०२५ च्या नियमाप्रमाणे) २२,८९५ कॅनडियन डॉलर हाताशी असल्याचं दाखवावं लागतं.

बसमध्ये वाकडं बोलणारे वाढलेत, हेही लपवत नाही. तरी माझ्या वाचनालयात त्या मुलाला स्वतःचे जुने स्नो-बूट आणून देणारी बाई इथलीच, गोरी होती. मुलाला लोक कसे वागवतील याची धास्ती घेऊ नका. वर्क परमिट मिळेल का, याची घ्या.

एजंटला अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव आणि त्यावर वर्क परमिट मिळतं की नाही, हे कागदावर सहीनिशी लिहून द्यायला सांगा. तो टाळायला लागला तर पैसे देऊ नका. नाव मिळालं की मला कळवा, यादीत आहे का ते मी पाहून सांगते.