तुमचे प्रश्न : मायांची शहरं दुष्काळानंच ओस पडली का?

प्रश्न : मॅडम, मी खानापूरहून रोज बेळगावला कॉलेजला येते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. माया संस्कृती दुष्काळानं संपली हे डेटा अ‍ॅनालिसिसनं सिद्ध झालं, असं वाचलं. तेव्हा पर्जन्यमापक तर नव्हते, मग पाऊस किती पडला हे कसं कळतं? आणि असलं काम घरच्या लॅपटॉपवर जमेल का?
(खानापूर तालुक्यातील एक विद्यार्थिनी)

उत्तर : माझी उभी नोकरी संख्याशास्त्र शिकवण्यात गेली. आकडे हातात घेण्याआधी ते कुणी आणि कशानं मोजले हे विचारणारी मुलं थोडी असतात. तू विचारलंस, मला फार बरं वाटलं.

माया म्हणजे आजच्या मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ भागात मोठी शहरं उभारणारे प्राचीन लोक. मेक्सिकोच्या युकातान भागात चिचांकानाब नावाचं सरोवर आहे. त्याच्या पाण्यात जिप्सम हे खनिज विरघळलेलं आहे. पाऊस हटला, पाणी आटलं, की हे जिप्सम स्फटिक होऊन तळाशी बसतं. पावसाची वर्षं परत आली की त्यावर साधा गाळ साचतो. तळात नळी खुपसून हे थर उभेच्या उभे वर काढतात. १९९५ मध्ये संशोधक डेव्हिड होडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा गाळ तपासला, तेव्हा इ.स. ८०० ते १००० हा काळ फार कोरडा गेल्याचं दिसलं. माया राजांची मोठमोठी शहरं रिकामी होण्याचा काळही साधारण तोच.

२०१८ मध्ये याच सरोवरावर त्याहून बारीक काम झालं. जिप्समचा स्फटिक तयार होताना भोवतालचं थोडं पाणी आपल्यात कोंडून घेतो, म्हणजे हजार वर्षांपूर्वीचं सरोवराचं पाणी त्या खड्यात अजून आहे. पाणी आटताना हलके रेणू आधी उडून जातात, जड मागे राहतात. कोंडलेल्या पाण्यात जड-हलक्यांचं प्रमाण मोजलं की सरोवर किती आटलं होतं ते काढता येतं. या हिशेबानुसार त्या काळात वार्षिक पाऊस आजच्या मानानं सरासरी निम्म्यानं घटला होता, आणि अगदी कडक दुष्काळात ७० टक्क्यांपर्यंत. त्याआधी, २०१२ मध्ये, दुसऱ्या एका अभ्यासानं ही घट ४० टक्क्यांपर्यंत असल्याचं म्हटलं होतं. या दोन आकड्यांत शेतकऱ्याच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचं अंतर आहे, म्हणून बातमीत नुसतं ‘दुष्काळ होता’ एवढंच वाचून थांबू नकोस.

शिवाय वर्षाची सरासरी पिकाला कळत नाही. मृग कोरडा गेला आणि सगळा पाऊस पेरणी वाया गेल्यावर कोसळला, तरी वहीत आकडा चांगलाच दिसतो. २०२५ मध्ये युकातानमधल्या त्सबनाह गुहेतल्या चुनखडीच्या खांबावरून नेमका पावसाळ्याचाच पाऊस वेगळा काढण्यात आला. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्यानं असा खांब थरावर थर चढून वाढतो. इ.स. ८७१ ते १०२१ या काळात सलग तीन किंवा अधिक वर्षं पावसाळा हुकला असे आठ दुष्काळ त्यात सापडले, आणि सर्वांत लांबलेला तेरा वर्षांचा होता. तेरा वर्षं! १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी आपल्या घरोघरी अजून निघतात.

आता दुसरी बाजू, माणसांची. माया राजे दगडी स्तंभ उभारत आणि त्यावर दिवसापर्यंत नेमकी तारीख कोरत. या तारखा मांडल्या की आठव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्तंभांची संख्या भरात दिसते, पुढे ती कोसळते. कोपान या शहराची शेवटची तारीख इ.स. ८२२ ची, टिकाल शहराची ८६९ ची. एका ठरलेल्या दिवसापासून सलग दिवस मोजण्याच्या मायांच्या पद्धतीला ‘दीर्घ गणना’ म्हणतात; तोनिना या शहरातली ९०९ ची तारीख ही त्या गणनेतली शेवटची.

पावसाचा आणि दगडी स्तंभांच्या संख्येचा असे दोन आलेख शेजारी ठेवले की जुळतात, आणि माणूस चटकन म्हणतो, सुटलं कोडं. इथेच सांभाळायला हवं. दगडावरची तारीख दिवसाची आहे. रेडिओकार्बननं, म्हणजे जुन्या अवशेषांत उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून काढलेली गाळाची तारीख काही दशकं पुढे-मागे होऊ शकते. मग दुष्काळ आधी आला की शहर आधी मोडलं? शहर आधी मोडलं असेल तर दुष्काळाला दोष देता येत नाही. गुहेतल्या खांबांची किंमत यामुळेच मोठी. युरेनियमचं हळूहळू थोरियम होतं, त्या दोन्हींचं प्रमाण मोजण्याच्या पद्धतीनं त्यांचं वय पुष्कळच नेमकं निघतं.

आणखी एक गोष्ट मला सतत खटकते. मोठी पडझड आधी झाली ती दक्षिणेकडच्या, जास्त पावसाच्या मुलखात. उत्तरेकडचा युकातान कोरडा, तरी चिचेन इत्झा त्याच सुमारास भरभराटीला आलं. आपल्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आण. तुमच्या तालुक्यातलं कणकुंबी पावसात बुडालेलं असतं तेव्हा अथणीकडे लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. पण अथणीचं पाणी अथणीच्या पावसावर ठरत नाही, कृष्णेवर ठरतं. उन्हाळ्यात नदी आटली की कोयनेतून पाणी सोडा म्हणून महाराष्ट्राला विनंती जाते. तसंच उत्तर युकातानात जमिनीखालचं पाणी नैसर्गिक विहिरींतून हाताशी होतं. टिकालसारख्या उंचावरच्या शहरांत भूजल फार खोल, सगळी भिस्त पावसाच्या पाण्यानं भरणाऱ्या तलावांवर. पावसाच्या रकान्याशेजारी साठवणीचा रकाना नसेल तर विश्लेषण लंगडं पडतं.

माझं मत विचारशील तर दुष्काळ खरा होता आणि भयंकर होता. पण तो आधीच खिळखिळ्या झालेल्या राज्यांवर कोसळला. दोस पिलास हे शहर युद्धांमुळे इ.स. ७६१ मध्येच सोडावं लागलं होतं. २०१७ च्या एका अभ्यासात शिलालेखांतल्या लढायांच्या नोंदी हवामानाशी ताडून पाहिल्या, तेव्हा लढाया वाढण्याचं नातं तापमानाशी दिसलं, पावसाशी दिसलं नाही. अभ्यासकांचं पुरतं एकमत अजून झालेलं नाही. ‘सिद्ध झालं’ हा शब्द तेवढा वहीतून खोड.

लॅपटॉपचं म्हणशील तर नक्की जमेल. अमेरिकेच्या नोआ या संस्थेच्या प्राचीन हवामानाच्या संग्रहात हे आकडे फुकट मिळतात. व्हेनेझुएलाजवळच्या कारियाको खोऱ्यातल्या समुद्रगाळातल्या टायटॅनियम या धातूच्या आकड्यांपासून सुरुवात कर. पाऊस जास्त झाला की नद्या जास्त माती आणतात आणि टायटॅनियम वाढतं. आर ही फुकटची संगणक-भाषा घे. आलेख काढून थांबू नकोस. प्रत्येक तारीख तिच्या चुकीच्या मर्यादेत मागे-पुढे सरकवून हजार वेळा ताडून बघ, आणि त्यातल्या किती वेळा दुष्काळ ऱ्हासाच्या आधी येतो ते मोज.

प्रश्न : माया लोक एकाएकी नाहीसे कसे झाले?
(एक निवृत्त शिक्षक, निपाणी)

उत्तर : गुरुजी, ते नाहीसे झाले नाहीत. मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलीझ इथे आजही लाखो लोक माया भाषा बोलतात. थांबले ते राजांचे लेख. सौंदत्तीच्या रट्टांनी राजधानी वेणुग्रामात, म्हणजे आपल्या बेळगावात आणली. तेराव्या शतकात यादवांनी त्यांचं राज्य घेतलं आणि रट्टांचे लेख संपले. बेळगावातली माणसं काही कुठे गेली नाहीत.

प्रश्न : मॅडम, आमचे वडील म्हणायचे दुष्काळ ठराविक वर्षांनी फिरून येतो. पंचांगाच्या कडेला ते नक्षत्रवार पाऊस लिहीत. मधली काही पंचांगं हरवलीत. मायांकडेही २०८ वर्षांचं चक्र होतं म्हणतात. खरं का?
(एक शेतकरी, अथणी तालुका)

उत्तर : २००१ मध्ये होडेल यांच्याच गटानं चिचांकानाबच्या गाळात साधारण २०८ वर्षांचं चक्र दिसतं आणि ते सूर्याच्या एका चक्राशी जुळतं, असं मांडलं होतं. ते पुष्कळ गाजलं. २०१४ मध्ये कार्लटन, कॅम्पबेल आणि कोलार्ड या अभ्यासकांनी तेच आकडे पुन्हा तपासले. चक्र शोधण्याच्या नेहमीच्या पद्धतीला सारख्या अंतरावरचे आकडे लागतात, गाळाचे नमुने तसे मिळत नाहीत. म्हणून मधल्या जागा अंदाजानं भरलेल्या होत्या. तारखांची अनिश्चितताही मोठी होती. हे सगळं धरलं तर चक्राला आधार उरत नाही, असं त्यांनी दाखवलं. मला त्यांचं म्हणणं पटतं.

वडिलांची पंचांगं मात्र जिवापाड जपा. दर वर्षाला एक ओळ आणि मृगापासून हस्तापर्यंत प्रत्येक नक्षत्राला एक रकाना, असं वहीत उतरवून घ्या. ‘बरा’, ‘भरपूर’ असं लिहिलं असेल तर तोच शब्द लिहा, मनानं मिलिमीटर करू नका. हरवलेल्या वर्षांच्या ओळी कोऱ्या सोडा; शेजाऱ्याला विचारून भरल्यात तर वेगळ्या शाईनं भरा. मूळ पंचांगं हातची जाऊ देऊ नका, झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. मी आनंदानं बसून पाहीन.